आश्रय गेल्यानंतरचा खेळ : होळकर संघ ते ई-स्पोर्ट्स



या स्मृतिव्याख्यानमालेचे निमंत्रण देताना चिटणीसांनी मला विषयाचे पूर्ण स्वातंत्र्य दिले. मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक संतवाङ्मयावर किंवा शाहिरी कवितेवर बोलेल, अशी आपल्यापैकी पुष्कळांची अपेक्षा असणार, आणि ती वावगीही नाही. तरीसुद्धा मी खेळाचा, त्यातही पैसे घेऊन खेळल्या जाणाऱ्या खेळाचा विषय निवडला, त्याला कारण आहे. अलीकडे माझे जुने विद्यार्थी भेटतात ते आता पालक म्हणून भेटतात, आणि त्यांच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो. मुलगा मोबाइलवर किंवा संगणकावर खेळतो, स्पर्धांत उतरतो, आता म्हणतो, मी यातच पुढे जाणार, यात संघ असतात, पगार असतो, लीग असते. "सर, याला व्यवसाय म्हणायचे का?" असे ते विचारतात. या विचारण्यात थोडी चेष्टा असते आणि बरीचशी काळजी असते.

या प्रश्नाला दोन ठराविक उत्तरे ऐकू येतात. एक म्हणते, हे सारे व्यसन आहे, मैदानावर जा. दुसरे म्हणते, जग बदलले आहे, मुलाला अडवू नका. मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. खेळून पोट भरता येईल का, हा प्रश्न इंदूरला नवा नाही. या शहरात खेळाडूंना खेळण्यासाठी पदरी ठेवण्याची प्रथा शंभर वर्षांपूर्वी होती. त्या प्रथेतून उभा राहिलेला संघ एका पिढीच्या आत भारतातल्या पहिल्या दोन संघांत जाऊन बसला आणि पुढे एका वर्षी नाहीसा झाला. तो का उभा राहिला, का संपला आणि संपल्यावर या गावात काय उरले, हे नीट पाहिले तर आजच्या पालकाला काही सांगता येईल असे मला वाटते.

प्रथम एका शब्दाविषयी. 'आश्रय' हा शब्द मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला पदोपदी भेटतो. मोरोपंतांना बारामतीकर नाईकांचा आश्रय होता. पेशवाईच्या उत्तरार्धात शाहिरांना दरबारचा आश्रय होता, आणि १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा त्यांतल्या कित्येकांचे हाल झाले. अनंत फंदींची अहिल्याबाईंशी महेश्वरी भेट झाली आणि त्यांनी तमाशा सोडून कीर्तन धरले, ही आख्यायिका आपण माळव्यातले लोक अभिमानाने सांगतो. तिचा एक अर्थ असाही आहे की ज्याच्याकडे आश्रय मागायचा, त्याची आवडनिवड कलावंताला शिरोधार्य मानावी लागते. मल्लांचेही तेच. कोल्हापुरात शाहू महाराजांनी तालमींना आणि मल्लांना हात दिला, खासबागेचे मैदान बांधले, म्हणून तिथली कुस्ती बहरली. क्रिकेट हा साहेबाचा खेळ आपल्या संस्थानांत आला, तेव्हा तो याच जुन्या चौकटीत बसवला गेला. गवई, शाहीर, मल्ल यांच्या पंक्तीला आता फलंदाज आला, इतकेच.

१९२३ साली कोट्टारी कनकय्या नायडू नागपूरहून इंदूरला आले. त्यांना होळकर दरबाराने बोलावून घेतले आणि संस्थानी फौजेत कॅप्टनचे पद दिले. हे पद म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. त्या काळी क्रिकेटचा पगार असा कुणी कागदावर लिहीत नसे. 'व्यवसायी खेळाडू' हा शब्द इंग्रजी समाजात कमीपणाचा होता. इंग्लंडमध्ये हौशी आणि पगारी खेळाडू हा भेद १९६२ पर्यंत अधिकृतपणे पाळला गेला. आपल्या संस्थानिकांनी यातून तोडगा काढला. खेळाडूला फौजेत किंवा एखाद्या खात्यात नोकरी द्यायची. तो नोकरही राहतो, प्रतिष्ठितही राहतो आणि खेळायला मोकळाही राहतो. नायडूंना पुढे लोक कर्नल सी. के. म्हणून ओळखत, मुश्ताक अली कॅप्टन मुश्ताक अली झाले. आजच्या फ्रँचायझीच्या करारापेक्षा ही व्यवस्था एका बाबतीत उदार होती. खेळाडूचा हंगाम वाईट गेला म्हणून त्याची पुढल्या वर्षीची चूल बंद होत नसे.

१९२६ च्या डिसेंबरात मुंबईच्या जिमखान्यावर नायडूंनी एम. सी. सी. विरुद्ध ११ षटकारांसह १५३ धावा काढल्या, आणि १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कप्तानपद त्यांच्याकडे आले. ते कसे आले, हेही आश्रयाच्या इतिहासात मोडते. त्या दौऱ्याचे कप्तान पोरबंदरचे महाराज होते. आपली योग्यता ओळखून ते बाजूला झाले, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. चारच वर्षांनी, १९३६ मध्ये, विजयानगरमचे महाराजकुमार इंग्लंडला कप्तान म्हणून गेले आणि बाजूला झाले नाहीत. त्या दौऱ्यावरून लाला अमरनाथांना परत पाठवण्यात आले, ही कथा सर्वश्रुत आहे. पैसा देणाऱ्याला एकदा मैदानात उतरण्याची हौस आली की काय होते, त्याचा हा नमुना. इंदूरचे यशवंतराव होळकर या बाबतीत वेगळे ठरतात. त्यांनी खेळाडू गोळा केले आणि संघ कर्नल नायडूंच्या हाती सोपवला. माझ्या मते होळकर संघाच्या यशाचे पहिले कारण हे आहे; खेळाडूंची नावे त्यानंतर येतात.

नावेही मोठी होती. रणजी स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. त्यात आपल्या भागाचा 'मध्य भारत' या अर्थाचा सेंट्रल इंडिया संघ खेळे. १९४१-४२ पासून त्याच्या जागी 'होळकर' हे नाव आले. मुश्ताक अली इंदूरचेच. लहानपणी नायडूंच्या नजरेत भरलेले. १९३६ साली ओल्ड ट्रॅफर्डवर ११२ धावा काढून परदेशात कसोटी शतक करणारे पहिले भारतीय ठरलेले. चंदू सरवटे सागरचे. १९४६ साली ओव्हलवर सरे संघाविरुद्ध त्यांनी आणि शूटे बॅनर्जींनी शेवटच्या जोडीला २४९ धावा जोडल्या, दोघांचीही शतके झाली. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर, मुंबईचे खंडू रांगणेकर, इथले माधवसिंह जगदाळे, हिरालाल गायकवाड, यष्टिरक्षक कमल भांडारकर. ही यादी वाचताना लक्षात येते की 'प्रादेशिक' संघ म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगतो, त्यात दूरदूरची माणसे होती. नायडू तेलुगू घराण्यातले नागपूरकर, निंबाळकर कोल्हापूरचे, आणि तरी यशवंत क्लबच्या मैदानाभोवती उभे राहणाऱ्या इंदूरकराला ते सारे आपले वाटत. आज लीगमध्ये बाहेरगावचे खेळाडू घेतले म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

१४ हंगामांत होळकर संघ १० वेळा अंतिम सामन्यात गेला. १९४४-४५ पासून १९५४-५५ पर्यंतच्या ११ वर्षांत फक्त १९४८-४९ चा अपवाद. १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३ अशी चार अजिंक्यपदे त्याने मिळवली. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध इंदूरला ८ बाद ९१२ धावा झाल्या, एकाच डावात सहा जणांची शतके : भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर आणि प्रताप सिंह. नायडूंनी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. १९५३ च्या मार्चमध्ये कलकत्त्याला बंगालविरुद्ध अजिंक्यपद मिळाले, तेव्हा कप्तान ५७ वर्षांचा होता.

त्या काळचा एक सामना मात्र सविस्तर सांगितला पाहिजे, कारण आश्रयाचे सगळे रंग त्यात आहेत. मार्च १९४५, मुंबईचे ब्रेबॉर्न स्टेडियम, मुंबई विरुद्ध होळकर. मुंबईचे डाव ४६२ आणि ७६४. विजय मर्चंट यांच्या दुसऱ्या डावात २७८. होळकरांचा पहिला डाव ३६०, आणि जिंकायला ८६७ धावा. एखादा संघ हे ऐकूनच गळाठला असता. होळकरांकडून त्या सामन्यात डेनिस कॉम्प्टन खेळत होते. इंग्लंडचा हा नामांकित पगारी फलंदाज महायुद्धामुळे महूच्या छावणीत नेमणुकीवर होता. म्हणजे युद्धाने आपल्या दाराशी आणून सोडलेला खेळाडू नायडूंनी संघात घेतला. मुश्ताक अलींनी दोन्ही डावांत शतके केली, कॉम्प्टन २४९ वर नाबाद राहिले, संघ ४९२ पर्यंत पोचला आणि ३७४ धावांनी हरला. चारही डाव मिळून २,०७८ धावा. या सामन्याविषयी असे सांगतात, की एका श्रीमंत व्यापाऱ्याने कॉम्प्टनना शंभरानंतरच्या प्रत्येक धावेला पैसे देण्याचे वचन दिले होते, आणि खेळी संपवून ते परतले तेव्हा शेठजींची चिठ्ठी हाती पडली : तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला जावे लागत आहे. हा किस्सा हसण्यावारी नेला जातो. मला तो व्यवसायी खेळावरचा मार्मिक शेरा वाटतो. दरबाराचा आश्रय निदान महिन्याच्या महिन्याला पोचत होता. सामन्यापुरता उगवलेला दाता सामन्याबरोबर मावळला.

पुढल्याच काही वर्षांत इंदूर आणि बडोदा ही दोन मराठी संस्थाने अंतिम सामन्यांत पुनःपुन्हा समोरासमोर आली. १९४७ साली बडोद्याला विजय हजारे आणि गुल मोहम्मद यांनी होळकरांविरुद्धच ५७७ धावांची भागी केली. हजारे सांगलीचे, आधी आपल्या शेजारच्या देवासच्या पवार महाराजांच्या पदरी, मग गायकवाडांच्या. देवास, इंदूर, बडोदा असे आश्रयाचे जाळे होते आणि खेळाडू त्यातून फिरत. लिलाव नव्हते, एवढेच. एरवी आजच्या लीगची बीजे तिथे दिसतात.

आता अखेरीविषयी. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत राज्य स्थापन झाले. होळकरांचे राज्य संपले, संस्थानी फौज गेली आणि तिच्यातली पदेही गेली. संघ मात्र होळकरांच्या नावाने आणखी सात वर्षे चालला, दोनदा अजिंक्यही झाला. १९५४-५५ चा अंतिम सामना इंदूरलाच झाला, मद्रासने तो जिंकला, आणि त्यानंतर 'होळकर' हे नाव स्पर्धेच्या तक्त्यातून गेले. मध्य भारत आले, मग मध्य प्रदेश. एका दशकात दहा अंतिम सामने पाहिलेल्या या गावाच्या वारसदार संघाला पुढचा अंतिम सामना पाहायला १९९८-९९ उजाडावे लागले. कर्नल नायडू १९५६-५७ मध्ये उत्तर प्रदेशाकडून रणजी खेळले. तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. ज्याला पद्मभूषण मिळाले होते, त्या माणसाने बासष्टीच्या उंबरठ्यावर परक्या राज्याच्या संघातून खेळावे, यात क्रिकेटवरचे प्रेम आहे हे खरेच. पण त्याचा स्वतःचा संघ उरला नव्हता, हेही खरे.

मग उरले काय? माणसे उरली. नायडू इंदूरलाच राहिले आणि १९६७ साली इथेच वारले. मुश्ताक अली २००५ पर्यंत आपल्यात होते, सरवटे २००३ पर्यंत. म्हैसूरविरुद्ध शतक करणाऱ्या माधवसिंह जगदाळ्यांचे चिरंजीव संजय जगदाळे यांनी इथे मुले घडवली. त्यांपैकी एक, नरेंद्र हिरवाणी, गोरखपूरहून शिकायला इंदूरला आला आणि १९८८ च्या जानेवारीत मद्रासला पहिल्याच कसोटीत १६ बळी घेऊन गेला. जून २०२२ मध्ये बंगळूरला मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून रणजी करंडक जिंकला. इंदूरच्या रजत पाटीदारने त्या सामन्यात शतक केले, आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडित हे १९९८-९९ चा अंतिम सामना त्याच मैदानावर हरलेल्या संघाचे कप्तान होते. होळकरांच्या शेवटच्या अजिंक्यपदानंतर ६९ वर्षांनी हे घडले. आश्रय तुटला तेव्हा झाड वाळले, पण मूळ मेले नाही, कारण क्रिकेट हा खेळ होळकरांच्या मालकीचा नव्हता. बॅट, चेंडू आणि यष्ट्या कुणीही आणाव्यात, कुठल्याही पटांगणात रोवाव्यात, त्याला दरबारची परवानगी लागत नव्हती.

इथे मी ई-स्पोर्ट्सकडे वळतो. ज्यांना हा प्रकार अपरिचित आहे त्यांच्यासाठी सांगतो : संगणकावर किंवा मोबाइलवर खेळायचा, नियमबद्ध, बहुधा सांघिक सामना, प्रेक्षक तो पडद्यावर पाहतात, समालोचक असतात, संघांना पुरस्कर्ते असतात. त्याला खेळ म्हणावे की नाही, या वादात मी शिरत नाही. बुद्धिबळ खेळताना घाम येत नाही, आणि सांगलीने त्या खेळाला किती दिले हे आपण जाणतो. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रदर्शनीय प्रकार म्हणून आणि त्यापुढच्या, २०२३ मध्ये हांगझोला झालेल्या स्पर्धेत पदकांसह ई-स्पोर्ट्स आले. जकार्ताला भूजच्या तीर्थ मेहताला कांस्य मिळाले. डिसेंबर २०२२ मध्ये भारत सरकारने ते क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत घेतले. आपल्या मध्य प्रदेशाच्या क्रीडा खात्यानेही त्याच वर्षी किशोरवयीनांसाठी अशी स्पर्धा जाहीर केली होती. तेव्हा सरकारदरबारी हा वाद मिटला आहे.

मला विचारायचे आहे ते वेगळे : हा खेळ कुणाचा? दक्षिण कोरियात व्यवसायी ई-स्पोर्ट्सच्या लीग इतर देशांच्या आधी स्थिरावल्या. तिथली संघटना २००० साली स्थापन झाली. 'स्टारक्राफ्ट' नावाच्या खेळावर साऱ्या देशाने रात्री जागवल्या, दूरचित्रवाणीच्या स्वतंत्र वाहिन्या निघाल्या, कंपन्यांनी संघ पाळले. खेळ मात्र ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीने बनवलेला. प्रक्षेपणाचे हक्क संघटनेने विकले तेव्हा कंपनी म्हणाली, खेळच आमचा, तुम्ही विकता काय? २०१० मध्ये प्रकरण न्यायालयात गेले, २०११ मध्ये तडजोड झाली. त्याच २०१० मध्ये पैसे घेऊन सामने हरण्याचे प्रकरणही तिथे उघडकीस आले आणि नावाजलेल्या खेळाडूंची कारकीर्द बुडाली. पुढे त्याच अमेरिकन कंपनीने शहरांच्या नावाने संघ विकून 'ओव्हरवॉच लीग' काढली. सोल, शांघाय, लंडन अशा शहरांचे संघ त्यात होते. ती २०१८ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये बंद पडली. होळकर संघ १४ वर्षे तरी चालला होता.

आपल्याकडचा अनुभव याहून तीव्र आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यांत पबजी होते. चीनशी सीमेवर तणाव होता, सरकारची कारणे सुरक्षेची होती आणि त्यांची चिकित्सा करण्याचा माझा अधिकार नाही. पण ज्या तरुणांनी त्या खेळावर चार पैसे मिळवायला सुरुवात केली होती, त्यांच्या पायाखालचे मैदान एका दिवसात निघून गेले. जुलै २०२१ मध्ये क्राफ्टन या कोरियन कंपनीने तोच खेळ भारतासाठी नव्या नावाने आणला. २०२२ च्या जून-जुलैत त्याची स्पर्धा थेट क्रीडा वाहिनीवर दाखवण्यात आली, आणि त्याच जुलैच्या अखेरीस खेळ पुन्हा काढून घेण्यात आला. मे २०२३ मध्ये तो परत आला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयी कायदा केला. पैसे लावून खेळण्याच्या खेळांना त्याने मनाई केली आणि ई-स्पोर्ट्सला त्यांपासून वेगळे काढून मान्यता दिली. हा विवेक स्वागतार्ह आहे, कारण पालकांच्या मनात जुगार आणि ई-स्पोर्ट्स यांची गल्लत होती, आणि ती करून देण्यात काही जाहिरातदारांचा हात होता.

कर्नल नायडूंचा आश्रय गेला तेव्हा त्यांच्याकडे बॅट होती. या मुलांचा आश्रय जातो तेव्हा बॅट, चेंडू, मैदान, पंच आणि नियमांचे पुस्तक अशा साऱ्याच वस्तू एकदम जातात. आजच्या ई-स्पोर्ट्समध्ये दोन आश्रयदाते आहेत : एक संघाचा मालक, दुसरा खेळाचा मालक. पहिल्याला आपण जुन्या अनुभवाने ओळखतो. दुसरा नवा आहे. तो दूर देशी बसतो, आणि नियम बदलायला त्याला कुणाला विचारावे लागत नाही.

मैदानी खेळांच्या नव्या लीगही आश्रयावरच चालतात, हे सांगितले नाही तर पक्षपात होईल. जून २०२४ मध्ये ग्वाल्हेरला मध्य प्रदेश लीग सुरू झाली. पाच संघांत 'माळवा पँथर्स' हा आपल्या भागाचा संघ होता आणि करंडकाचे नाव सिंदिया कप. होळकरांचे नाव २०१० पासून इंदूरच्या स्टेडियमला आहे. संस्थाने गेली, पण नावे द्यायला आपल्याला अजून तीच घराणी आठवतात. याची गंमतही वाटते आणि थोडा विचारही पडतो.

तर पालकाला मी काय सांगतो? मुलाला तोडून बोलू नका, हे पहिले. दुसरे, त्याच्या हाती करार आला तर तो घरात बसून, गरज पडल्यास वकिलाला दाखवून, ओळीने वाचा. पगार किती महिने, खेळ बंद झाला तर काय, बक्षिसाची वाटणी कशी, एका संघातून दुसऱ्यात जाता येईल का. मुलगा अठरा वर्षांखालचा असेल तर सहीची जबाबदारी तुमचीच आहे. माझ्या एका विद्यार्थ्याच्या मुलाला एका संघाने सहा महिन्यांचे मानधन कबूल करून दोन महिन्यांतच संघ मोडला. कागद मागितला तर मोबाइलवरचे चार संदेश निघाले. कॉम्प्टनच्या शेठजींनी निदान चिठ्ठी तरी ठेवली होती. तिसरे, शिक्षण सोडू देऊ नका. सरवटे, जगदाळे यांच्या पिढीला मैदान सुटल्यावर शिकवण्यासारखे, सांभाळण्यासारखे काही हाती राहिले. पडद्यावरच्या खेळाडूची उमेदीची वर्षे थोडी असतात, आणि एका खेळातले कौशल्य दुसऱ्या खेळात जसेच्या तसे चालत नाही.

शाळेसाठी एक विनंती करून थांबतो. होळकर संघाचा इतिहास आपल्याला आज सांगता येतो, कारण धावफलक छापले गेले, वर्तमानपत्रांत वर्णने आली, घरोघरी छायाचित्रे जपली गेली. तरीही खेळाडूंच्या नेमणुकीची पत्रे, पगाराचे तपशील, प्रवासाच्या नोंदी अशी कागदपत्रे इंदुरातल्या जुन्या कुटुंबांतून अजून पेट्यांत पडून असतील. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर इथे राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी घरातल्या ट्रंका एकदा उघडाव्यात आणि जे सापडेल त्याची प्रत शाळेच्या ग्रंथालयाला द्यावी. दुसरीकडे, गेल्या काही वर्षांत ज्या मुलांनी या शहरातल्या ई-स्पोर्ट्स स्पर्धांत भाग घेतला, त्यांचे सामने खेळाच्या मालकाच्या यंत्रांवर साठवलेले आहेत. ती यंत्रे बंद झाली की तेही जातील. अशा मुलांना शिक्षकांनी बोलावून घ्यावे आणि कोणता संघ, कोण खेळले, किती मिळाले, केव्हा मोडले, हे त्यांच्याकडून मराठीत किंवा हिंदीत, जसे जमेल तसे, वहीत लिहवून घ्यावे. ग्रंथपालांशी माझे बोलणे झाले आहे. दोन्हीसाठी एकच कपाट ठेवायला ते तयार आहेत.